पंख्याचा वेग विद्युतदाबाने बदलावा की स्पंदांनी? संगणक जोडणाऱ्या नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

स्वतः संगणक जोडणाऱ्याने पहिल्यांदा बायोसमधील (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमधील) पंख्यांचे पान उघडले, की प्रत्येक पंख्यासमोर त्याला ‘डीसी’, ‘पीडब्ल्यूएम’ आणि बहुधा ‘ऑटो’ असे पर्याय दिसतात. डीसी म्हणजे पंख्याला मिळणारा विद्युतदाब कमी-जास्त करून वेग बदलणे. पीडब्ल्यूएम म्हणजे विद्युतदाब १२ व्होल्टवर कायम ठेवून वेगळ्या तारेवरून पाठवलेल्या स्पंदांच्या रुंदीने वेग बदलणे. पुष्कळ जण ‘ऑटो’ तसेच ठेवून पुढे जातात आणि बऱ्याचदा त्यांचे काही अडत नाही. जेव्हा अडते, तेव्हा तक्रार बहुतेक वेळा दोनांपैकी एक असते: संगणक रिकामा बसलेला असतानाही एखादा पंखा पूर्ण वेगाने घोंघावत राहतो, किंवा संगणक सुरू झाल्यावर तो पंखा मुळी हलतच नाही. अशा वेळी पंखा बिघडला असे समजून तो बदलण्याची घाई होते; पण दोष पंख्यात नसून निवडलेल्या पद्धतीत असण्याची शक्यता अधिक असते. म्हणून ‘दोहोंपैकी चांगली पद्धत कोणती’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून, आपला पंखा आणि मदरबोर्डावरील त्याची जोडणी या दोघांना एकच पद्धत कळते का, एवढे आधी पाहावे.

पहिली पायरी: तारा मोजणे

पंख्याच्या जोडणीला तीन तारा असतील, तर त्यांतील एक ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट पुरवठ्याची आणि तिसरी वेग सांगणारी असते. ही तिसरी तार पंख्याच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंद परत पाठवते आणि मदरबोर्ड ते मोजून आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) दाखवतो. चौथी तार असेल, तर ती पीडब्ल्यूएम आदेशाची. क्रम नेहमी हाच असतो, त्यामुळे तीन पिनांची जोडणी चार पिनांच्या खुंट्यांवर सहज बसते आणि चौथी पिन मोकळी राहते. चार पिनांची जोडणीही तीन खुंट्यांवर बसते. प्लास्टिकची छोटी जीभ जोडणी उलटी बसू देत नाही.

तारांच्या रंगांवर मात्र विसंबू नये. जुन्या तीन-तारी पंख्यांत पिवळी तार सहसा वेग सांगणारी असते आणि लाल तार १२ व्होल्टची. इंटेलच्या चार-तारी रंगसंगतीत पिवळी तारच १२ व्होल्टची असते, हिरवी वेगाची आणि निळी आदेशाची. आणि हल्लीच्या पुष्कळ पंख्यांच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. रंग पाहून तार कापणाऱ्याने हे आधी वाचलेले बरे.

आत नेमके काय घडते

संगणकातील पंख्यांची मोटर ब्रशविरहित असते. फिरणाऱ्या भागात चुंबक, स्थिर भागात वेटोळी आणि चुंबकाची स्थिती ओळखून योग्य क्षणी वेटोळ्यांतील प्रवाह बदलणारी एक छोटी चिप, अशी तिची रचना असते. ही चिप त्याच १२ व्होल्टच्या तारेवर जगते, हा मुद्दा पुढच्या बहुतेक गोष्टींच्या मुळाशी आहे.

डीसी पद्धतीत मदरबोर्ड ती तारच खाली आणतो. ५० टक्के म्हणजे सुमारे ६ व्होल्ट, ४२ टक्के म्हणजे जेमतेम ५ व्होल्ट. विद्युतदाब उतरला की मोटरचा जोर उतरतो आणि तिच्या चिपलाही कमी पुरवठा मिळतो. एका मर्यादेखाली बेअरिंगचे घर्षण मोटरच्या जोरापेक्षा भारी ठरते आणि पंखा थांबतो. येथे नवशिक्यांना चकवणारी एक गोष्ट आहे: फिरत असलेला पंखा ज्या विद्युतदाबावर फिरत राहू शकतो, तेवढ्यावर थांबलेला पंखा सुरू होईलच असे नाही. सुरू होण्यासाठी त्याला अधिक विद्युतदाब लागतो. १२ व्होल्टचे बरेच पंखे ५ ते ७ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी सुरू होतात, काही त्याहूनही कमी विद्युतदाबावर उठतात, आणि बेअरिंग जुने झाले किंवा पात्यांवर धूळ साचली की हाच आकडा वर सरकतो.

पीडब्ल्यूएम पद्धतीत १२ व्होल्टच्या तारेला कोणी हात लावत नाही. मदरबोर्ड चौथ्या तारेवर चालू-बंद, चालू-बंद असे स्पंद पाठवतो. स्पंदाचा किती भाग चालू आहे हे प्रमाण म्हणजे ‘ड्यूटी सायकल’, आणि पंख्यातील चिप ते वाचून मोटरला किती जोर द्यायचा हे स्वतः ठरवते. इंटेलने सप्टेंबर २००५ मध्ये काढलेल्या चार-तारी पंख्यांच्या विनिर्देशाच्या १.३ आवृत्तीत या स्पंदांची वारंवारता २५ किलोहर्ट्झ ठरवलेली असून २१ ते २८ किलोहर्ट्झ ही चालण्याजोगी मर्यादा दिलेली आहे. माणसाच्या कानाला सुमारे २० किलोहर्ट्झपलीकडे ऐकू येत नाही; आकडा त्याच्या पुढचा असल्यामुळे स्पंदांची किणकिण कानावर येत नाही. त्याच विनिर्देशात आणखी एक शहाणपणाची तरतूद आहे: चौथी पिन मोकळी राहिली, तर पंख्याने पूर्ण वेगाने फिरावे. आदेशाची तार तुटली तरी प्रोसेसर तापून बंद पडू नये, हा त्यामागचा हेतू.

पीडब्ल्यूएमबद्दल ऐकू येणारी ‘टकटक करते’ ही तक्रार बव्हंशी एका वेगळ्याच गोष्टीची आहे. चौथी तार नसलेल्या पंख्याचा पुरवठाच सेकंदाला काही दहा ते काही शे वेळा तोडून-जोडून वेग कमी करणारी जुनी नियंत्रके असत, आणि आजही काही घरगुती जुगाडांत तेच केले जाते. त्यात वेटोळी प्रत्येक धक्क्याला टकटकतात. शिवाय पुरवठा तुटलेल्या क्षणी पंख्यातील चिपच मेलेली असल्यामुळे वेग सांगणारे स्पंदही विस्कटतात आणि बायोसला भलताच आरपीएम दिसतो. चार-तारी पंख्याचा पुरवठा अखंड असतो. या दोन गोष्टींना एकच नाव मिळाल्याने पीडब्ल्यूएमची विनाकारण बदनामी झाली आहे. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल: काही स्वस्त चार-तारी पंख्यांची चिप आदेश वाचून वेटोळ्यांचा प्रवाह ओबडधोबडपणे तोडते, आणि अगदी कमी वेगावर, कान जवळ नेल्यास, हलकी खरखर ऐकू येते. हाच पंखा कमी विद्युतदाबावर फिरवला तर ती खरखर नाहीशी होते. अगदी शांत संगणकाचे वेड असलेले लोक अजून डीसी पद्धत धरून आहेत ते याचसाठी, आणि त्यांचे म्हणणे निराधार नाही.

दुसरी पायरी: पंखा आणि जोडणी यांचा मेळ पाहणे

चार-तारी पंखा चार पिनांच्या जोडणीवर असेल आणि पद्धत पीडब्ल्यूएम असेल, तर काही करायचे नाही. तीन-तारी पंखा असेल, तर पिना तीन असोत वा चार, पद्धत डीसीच हवी. तो पीडब्ल्यूएमवर ठेवला तर १२ व्होल्ट कायम राहतात, आदेश मोकळ्या पिनेवर वाया जातो आणि पंखा अष्टौप्रहर पूर्ण वेगाने फिरतो. सुरुवातीला सांगितलेल्या पहिल्या तक्रारीचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

चार-तारी पंखा डीसी पद्धतीवर असेल, तर तो चालतो. आदेशाच्या तारेवर काहीच न आल्यामुळे तो स्वतःपुरता ‘पूर्ण वेगाचा’ आदेश धरून बसतो आणि मिळणाऱ्या विद्युतदाबानुसार हळू-जलद होतो. यात पंख्याचे नुकसान होत नाही. फक्त तळाचा वेग पीडब्ल्यूएमइतका खाली जाईल याची शाश्वती नसते, कारण त्यातील चिप १२ व्होल्टच्या पुरवठ्यासाठी बनलेली असते. सर्वांत वाईट गफलत म्हणजे दोन्ही नियंत्रणे एकावर एक चढवणे: आदेश ५० टक्क्यांचा आणि वर वेग कमी करणारी रोधकाची छोटी वायर. अशा वेळी पंखा कमी आदेशावर अडखळतो आणि दोष कोणाचा हे कळत नाही. पीडब्ल्यूएम वापरायचे असेल, तर पंख्यासोबत आलेली वेग-कपात करणारी वायर डब्यातच राहू द्यावी.

आता जोडणीची पारख. मदरबोर्डावर चार खुंट्या दिसल्या म्हणजे ती जोडणी पीडब्ल्यूएम जाणते असे मानू नये. काही जुन्या मदरबोर्डांवर प्रोसेसरच्या पंख्याची जोडणी खरी पीडब्ल्यूएम असे, पण कॅबिनेटच्या पंख्यांच्या चार-पिनी जोडण्या आतून डीसीवरच चालत आणि चौथ्या पिनेला कायमचे ५ व्होल्ट जोडलेले असत. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत प्रत्येक जोडणीच्या चित्रापाशी पिनांची नावे दिलेली असतात. चौथ्या पिनेसमोर ‘कंट्रोल’ किंवा ‘पीडब्ल्यूएम’ न लिहिता ‘+५ व्होल्ट’ लिहिले असेल, तर ती जोडणी नावापुरतीच चार-पिनी आहे. त्याच पानावर प्रवाहाची मर्यादाही असते. ती बहुतेक साध्या जोडण्यांना १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट, असते.

तिसरी पायरी: बायोसमध्ये खात्री करणे

आसूसच्या मदरबोर्डावर हे पान क्यू-फॅन या नावाने, गिगाबाइटच्या मदरबोर्डावर स्मार्ट फॅन या नावाने आणि ॲसरॉकवर फॅन-टॅस्टिक ट्यूनिंग या नावाने सापडते. तेथे एकेका पंख्याची पद्धत ‘ऑटो’वरून काढून वर ठरवल्याप्रमाणे डीसी किंवा पीडब्ल्यूएम करावी. ‘ऑटो’ संगणक सुरू होताना पंख्याला एखादा आदेश देऊन आरपीएम बदलतो का ते पाहतो आणि अंदाज बांधतो. पण एका जोडणीवर दोन प्रकारचे पंखे असतील, किंवा मध्ये हब (अनेक पंखे एकत्र जोडण्याची पेटी) असेल, तर हा अंदाज फसू शकतो, आणि फसला तर तो आज एक आणि उद्या दुसरा असाही असू शकतो. हाताने ठरवलेली पद्धत निदान स्थिर राहते.

मग पंखा हाताने नियंत्रित करण्याच्या स्थितीत आणून आधी १०० टक्के आणि नंतर ५० टक्के आदेश द्यावा व दोन्ही वेळा पंधरा-वीस सेकंद थांबून आरपीएम टिपावा. आकडा तसूभरही हलला नाही, तर तीन-तारी पंखा पीडब्ल्यूएमवर आहे किंवा चौथी तार कुठेतरी तुटली आहे. आकडा साधारण निम्म्याच्या आसपास उतरला, तर मेळ जमला. ० दाखवूनही पंखा डोळ्यांसमोर फिरत असेल, तर वेग सांगणारी तार तपासावी. बायोसला तो पंखा दिसत नाही एवढाच त्याचा अर्थ.

लिनक्स वापरणाऱ्यांना हेच काम प्रणालीतून करता येते. कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, हार्डवेअर-मॉनिटर विभागात प्रत्येक पंख्याच्या आदेशाची नोंद ० ते २५५ या आकड्यांत असते, आणि ‘मोड’ नावाच्या नोंदीत ० म्हणजे डीसी तर १ म्हणजे पीडब्ल्यूएम. ज्या मदरबोर्डाचा चालक (ड्रायव्हर) ही नोंद उघड करतो, त्यावर ती बदलताही येते.

मल्टिमीटर असेल आणि हात स्थिर असेल, तर शंकेला जागाच उरत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या पिनेच्या दरम्यान मोजावे: आदेश बदलूनही १२ व्होल्ट राहिले तर पीडब्ल्यूएम, आकडा आदेशासोबत खालीवर झाला तर डीसी. मात्र सळईचे टोक घसरून शेजारच्या पिनेला टेकले, तर जोडणी कायमची जळू शकते; म्हणून हे मोजमाप जोडणीच्या मागच्या बाजूने, तारेच्या कडेने, सावकाश करावे किंवा करूच नये.

चौथी पायरी: तळाचा वेग शोधणे

दोन पद्धतींमधला खरा फरक वरच्या वेगांवर नसून तळाला दिसतो, म्हणून या पायरीसाठी अर्धा तास राखून ठेवावा. आदेश १०० टक्क्यांवरून पाच-पाच टक्क्यांनी उतरवत जावे आणि पंखा कोणत्या टक्क्याला थांबतो ते लिहावे. मग तेथून पाच-पाच टक्क्यांनी वर चढावे आणि तो कोणत्या टक्क्याला आपोआप उठतो तेही लिहावे. डीसी पद्धतीत हे दोन आकडे वेगळे निघतात. समजा पंखा ३५ टक्क्यांवर थांबला आणि ४५ टक्क्यांवर उठला. तर किमान आदेश ५० टक्के ठेवावा. ४० टक्के ठेवल्यास आज चालेल, पण सकाळी थंड बेअरिंग घेऊन सुरू होणारा संगणक तो पंखा उठवू शकेलच असे नाही. माझ्याकडचा एक जुना पंखा असाच काही महिने बिनतक्रार फिरला आणि मग एके दिवशी थरथरत जागीच उभा राहिला. पाते बोटाने ढकलल्यावर मुकाट्याने फिरू लागला, म्हणून त्याला निर्दोष ठरवायला मला फार वेळ लागला.

काही मदरबोर्डांत पंखा सुरू करताना क्षणभर पूर्ण विद्युतदाब देऊन नंतर खाली आणण्याची सोय असते. ती असेल तर चालू ठेवावी.

पीडब्ल्यूएम पद्धतीत हा शोध सोपा असतो, कारण पंख्याची चिप स्वतःच त्याला उठवण्याची काळजी घेते. इंटेलच्या विनिर्देशानुसार पंख्याचा किमान वेग कमाल वेगाच्या ३० टक्क्यांहून अधिक नसावा. चांगले पंखे त्याहूनही खाली जातात. नॉक्टुआच्या एनएफ-ए१२×२५ पीडब्ल्यूएम पंख्याचा पल्ला सुमारे ४५० ते २००० आरपीएम आहे, तर आर्क्टिकच्या पी१२ पीडब्ल्यूएमचा २०० ते १८०० आरपीएम. किमान आदेशाच्याही खाली गेल्यावर काय होते हे मात्र पंख्यागणिक बदलते: काही किमान वेगाने फिरत राहतात, काही पूर्ण थांबतात. पंखा थांबावा अशी इच्छा असेल, तर त्याच्या माहितीपत्रकात तसे स्पष्ट लिहिले आहे का ते पाहावे.

मग निवडावे काय

प्रोसेसरच्या कूलरवरील पंख्यासाठी माझे मत पीडब्ल्यूएमच्या बाजूने निःसंदिग्ध आहे. प्रोसेसरचे तापमान काही सेकंदांत उसळते, पंख्याला तळापासून माथ्यापर्यंत झटकन जावे लागते, आणि आदेशाची तार निखळली तरी पंखा पूर्ण वेगाने फिरतो ही खात्री येथे मोलाची आहे. कॅबिनेटच्या पंख्यांसाठी तसा आग्रह नाही. ते दिवसातला बराच वेळ एकाच मध्यम वेगावर असतात, आणि चांगला तीन-तारी पंखा डीसीवर ते काम उत्तम करतो. हाताशी असलेले तीन-तारी पंखे केवळ तीन-तारी आहेत म्हणून बदलण्यात मला अर्थ दिसत नाही. नवे घ्यायचे असतील, तर चार-तारी घ्यावेत; ते दोन्ही पद्धतींवर चालतात, एवढेच कारण पुरेसे आहे.

वेग कमी करण्याचा लाभ किती, हेही येथे लक्षात घ्यावे. पंख्यांच्या नियमांनुसार हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात घटतो, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग निम्मा केला तर हवा निम्मी मिळते, पण दाब पावपटच उरतो, आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून दाट जाळीमागच्या किंवा रेडिएटरवरच्या पंख्याचा तळ फार खाली नेऊ नये; तो फिरताना दिसेल, पण हवा पलीकडे पोहोचणार नाही.

एका जोडणीवर अनेक पंखे

दुभाजक वायरने दोन-तीन पंखे एकत्र जोडल्यास डीसी पद्धतीत सर्वांचा प्रवाह मदरबोर्डाच्या त्या एका जोडणीतून जातो. प्रत्येक पंख्याच्या मागे छापलेले अँपिअर बेरजून ती बेरीज मर्यादेच्या बरीच आत ठेवावी, कारण सुरू होतानाचा प्रवाह चालू असतानाच्या प्रवाहाहून जास्त असतो. पीडब्ल्यूएममध्ये हा प्रश्न हबने सुटतो: हब आपली वीज थेट पॉवर सप्लायच्या साटा वायरीतून घेतो आणि मदरबोर्डाकडून फक्त आदेश घेतो. त्यामुळेच अशा हबवर तीन-तारी पंखा लावला, तर तो पूर्ण वेगानेच फिरतो. दोन्ही बाबतींत वेग सांगणारी तार एकाच पंख्याची पुढे नेलेली असावी. दोघांची एकत्र झाली, तर आरपीएम निरर्थक येतो. आणि एकाच पंख्याचा वेग दिसतो म्हटल्यावर बाकीचे थांबले तरी कळणार नाही, म्हणून अधूनमधून कॅबिनेट उघडून नजर टाकावी.

पाण्याच्या कूलरचा पंप हा पंखा नव्हे. त्याची जोडणी तीन-पिनी असेल, तर डीसीवर १०० टक्के आदेश कायम ठेवावा. विद्युतदाब कमी केलेला पंप अडखळतो आणि प्रोसेसर काही क्षणांत तापतो.

शेवटची पायरी: तापमानाशी सांगड

तळाचा आकडा हाती आला, की तापमानानुसार आदेश ठरवणारी वक्ररेषा आखणे सोपे आहे. प्रोसेसर रिकामा असतानाच्या तापमानाच्या दहा-एक अंश वरपर्यंत किमान आदेश, तेथून हळूहळू चढ, आणि प्रोसेसरच्या कमाल मर्यादेच्या बऱ्याच आधी १०० टक्के. वेग बदलण्यास विलंब लावणारी सोय असेल, तर ती काही सेकंदांवर ठेवावी. नाहीतर एखादे पान उघडताच पंखा उसळतो आणि लगेच निवतो, आणि हा चढउतार एकसारख्या आवाजापेक्षा अधिक त्रास देतो. प्रोसेसरच्या पंख्याचा वेग ठरावीक आकड्याखाली गेल्यास इशारा देणारी सोय अनेक बायोसमध्ये असते. आपल्या पंख्याचा किमान वेग त्या आकड्याहून कमी असेल, तर संगणक दर वेळी सुरू होताना पंखा बंद असल्याचा खोटा इशारा देईल. तो आकडा खाली आणावा, इशारा बंद करू नये.

हे सारे झाल्यावर संगणक पूर्ण बंद करून, काही तास थंड होऊ देऊन पुन्हा सुरू करावा आणि प्रत्येक पंखा उठतो का ते डोळ्यांनी पाहावे. प्रत्येक जोडणीची पद्धत, थांबण्याचा व उठण्याचा टक्का आणि वक्ररेषेचे आकडे एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा. बायोसची नवी आवृत्ती टाकली की या नोंदी बहुधा पुसल्या जातात, सर्व जोडण्या पुन्हा ‘ऑटो’वर जातात, आणि काल शांत असलेला संगणक आज का घोंघावतो याचा शोध पहिल्यापासून घ्यावा लागतो.